कॉम्प्युटरला काम कसे सांगतात

पहाटे गावातल्या डेअरीवर कॅनांचा खडखडाट सुरू होतो. तुम्ही रांगेत उभे राहता. दुधाचे वजन काट्यावर होते. थोडेसे दूध बाटलीत घेऊन फॅटच्या यंत्राला लावतात. मग टेबलावर करकर आवाज होतो आणि एक चिठोरी बाहेर येते. ती तुमची पावती. तिच्यावर तुमचा नंबर असतो. लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असते.

पूर्वी हा हिशेब डेअरीचे सेक्रेटरी करीत. भिंतीवर दरपत्रक टांगलेले असे. त्यावर बोट फिरवून दर शोधायचा, मग गुणाकार करायचा, मग वहीत लिहायचे. पाढे पाठ असलेला माणूस त्या जागी लागे. आता तेच काम कॉम्प्युटर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो.

पण हा हिशेब त्याला कोणी शिकवला? त्याने दूध कधी चाखलेले नाही. गाय कोणती आणि म्हैस कोणती, हे त्याला ठाऊक नाही. मग गाईच्या दुधाला अमुक दर लावायचा हे त्याला कसे कळते?

उत्तर सोपे आहे. त्याला काहीच कळत नाही. कोणीतरी माणसाने बसून त्याच्यासाठी हुकूम लिहून ठेवलेले असतात. आधी हे कर, मग ते कर, असे झाले तर तसे कर. कॉम्प्युटर ते हुकूम एकामागून एक पाळतो. हुकमांच्या अशा यादीला प्रोग्रॅम म्हणतात. ती लिहिणाऱ्याला प्रोग्रॅमर म्हणतात.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. आमचा जन्म पाढे आणि शुद्धलेखन शिकवण्यात गेला. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही हेडमास्तर होतो. पोरे मोडतील म्हणून आम्ही त्याच्यावर फडके झाकले आणि खोलीला कुलूप लावले. किल्ली आमच्या खिशात. दोन वर्षे ते यंत्र तसेच राहिले. आज त्याची लाज वाटते. निवृत्त झाल्यावर आमच्या नातीने आम्हाला समोर बसवून चार गोष्टी शिकवल्या, तेव्हा कळले की हे काम जादूचे नाही. यात लागतो तो मुख्यतः नीट विचार. तो तुम्ही रोज करताच.

नीट विचार म्हणजे काय, हे आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा फार गमतीने समजले. ती गोष्ट सांगतो.

वर्गात एक गृहस्थ होते. वयाने पन्नाशीचे, स्वभावाने थट्टेखोर. त्यांना आम्ही म्हटले, “आज तुम्ही यंत्र व्हा. सांगतील तेवढेच करायचे. आपली अक्कल चालवायची नाही.” ते म्हणाले, “हे तर आम्ही घरी रोजच करतो.” वर्ग हसला. समोर स्टोव्ह, पातेले, पाणी, साखर, चहापूड, दूध आणि कपबशी मांडली. बायकांना सांगितले, “याच्याकडून चहा करून घ्या.”

पहिली बाई म्हणाली, “पाणी ठेवा.” गृहस्थांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि जमिनीवर ठेवला. “अहो, पातेल्यात!” त्यांनी तांब्याच पातेल्यात ठेवला. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मग एक आजी विचार करून म्हणाल्या, “तांब्यातलं दोन कप पाणी पातेल्यात ओता. पातेलं स्टोव्हवर ठेवा. स्टोव्ह पेटवा.” हे बरोबर जमले. दुसरी म्हणाली, “साखर घाला.” त्यांनी डबा उपडा करायला घेतला. “दोन चमचे, दोन चमचे!” असा ओरडा झाला म्हणून साखर वाचली.

पाणी उकळू लागले. गृहस्थ हाताची घडी घालून उभे. पूड घालायची कधी, हे कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा एक तरुण सून म्हणाली, “पाण्याकडे बघत राहा. उकळी आली नसेल तर थांबा. उकळी आली की एक चमचा पूड घाला.” आम्ही फळ्यावर ते वाक्य लिहून घेतले. त्या पोरीने एका दमात प्रोग्रॅमिंगमधल्या दोन मोठ्या युक्त्या सांगितल्या होत्या. ‘जर असे असेल तर तसे कर’ ही एक. आणि ‘अमुक होईपर्यंत हेच करीत राहा’ ही दुसरी. तिसरी युक्ती आजींनी आधीच दाखवली होती. ती म्हणजे हुकमांचा क्रम. जगातला कोणताही मोठा प्रोग्रॅम घ्या, तो मुख्यतः या तीन युक्त्यांवरच उभा असतो.

चहा मात्र पांचट झाला.

माणसाला काम सांगताना आपण निम्मे बोलतो आणि निम्मे तो समजून घेतो. “जरा मीठ आण” म्हटले की मुलगा आपोआप दुकानात जातो, किलोची पुडी आणतो, उरलेले पैसे परत देतो. यातले आपण काहीच सांगितलेले नसते. यंत्राजवळ हे समजून घेणे नसते. म्हणून त्याला काम सांगताना काहीही गृहीत धरून चालत नाही. नवशिक्याला अवघड जाते ते हेच.

आता आपण एक प्रोग्रॅम लिहू. डेअरीचाच घेऊ. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दर ठरवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खरे दरपत्रक लांबलचक असते. पॉइंटापॉइंटाला दर बदलतो. आपण सोयीसाठी एसएनएफ बाजूला ठेवू आणि साधा नियम धरू. समजा, दर लिटरला ३० रुपये. आणि फॅट ३.५ किंवा त्याहून जास्त लागली, तर लिटरमागे १ रुपया जादा.

कॉम्प्युटरला आकडे लक्षात ठेवायला जागा लागते. ती जागा म्हणजे स्वयंपाकघरातला डबा समजा. डब्यावर नाव लिहिलेले असते. आत एक आकडा असतो. नवा आकडा ठेवला की जुना जातो. बस, एवढेच लक्षात ठेवा. आता हुकूम लिहू.

१. लिटर किती ते घे. ‘लिटर’ डब्यात ठेव.
२. फॅट किती ते घे. ‘फॅट’ डब्यात ठेव.
३. ‘दर’ डब्यात ३० ठेव.
४. जर ‘फॅट’ डब्यातला आकडा ३.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर ‘दर’ डब्यातल्या आकड्यात १ मिळव.
५. ‘लिटर’ला ‘दर’ने गुण. उत्तर ‘रक्कम’ डब्यात ठेव.
६. ‘दर’ आणि ‘रक्कम’ पावतीवर छाप.

झाला प्रोग्रॅम. आता पहिल्या ओळीवर बोट ठेवा आणि तुम्हीच कॉम्प्युटर व्हा. शेजारी कागदावर चार चौकोन काढा, ते चार डबे. समजा, ६ लिटर दूध आले आणि फॅट ३.८ लागली. तिसऱ्या ओळीला दर ३०. चौथ्या ओळीला विचारा, ३.८ हा आकडा ३.५ हून जास्त आहे का? आहे. म्हणून दर ३१. पाचव्या ओळीला ६ गुणिले ३१, म्हणजे १८६ रुपये. आता दुसरे दूध घ्या. ५ लिटर, फॅट ३.२. चौथ्या ओळीची अट जुळत नाही. ती ओळ सोडून बोट पुढे जाते. दर ३० च राहिला. रक्कम १५० रुपये.

असे बोट ठेवून चालणे मोठमोठे प्रोग्रॅमरही करतात. आळस करू नका, कागद घ्याच.

आता एक गंमत करा. चौथी ओळ आणि पाचवी ओळ यांची अदलाबदल करा आणि ६ लिटर, ३.८ फॅट पुन्हा चालवून पाहा. काय झाले? गुणाकार आधी झाला, ६ गुणिले ३०, रक्कम १८०. दर नंतर वाढून ३१ झाला. पण ‘रक्कम’ डब्यात १८० आधीच जाऊन बसले होते. पावतीवर दर छापला ३१ आणि रक्कम १८०. हुकूम तेच, आकडे तेच, फक्त क्रम चुकला आणि शेतकऱ्याचे ६ रुपये गेले. कॉम्प्युटर कुरकुर करणार नाही. त्याला ते चूक आहे हे कळणारच नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या विहिरीवर मोटर आहे. मोबाईलवरून चालणारे स्टार्टर आता मिळतात, त्यांच्या पोटात लहानसा कॉम्प्युटरच असतो. त्याला कोणते हुकूम द्याल, ते लिहून पाहा. लाईट आली तर मोटर चालू कर, एवढे लिहून भागेल का? विहिरीतले पाणी खाली गेले तर? एक फेज गेली तर? मोटर जळण्याआधी जे जे तुम्ही डोळ्यांनी बघता आणि कानांनी ऐकता, ते सगळे हुकमात आले पाहिजे.

कोणी विचारील, “मास्तर, कॉम्प्युटरला मराठी येतं का?” मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. त्याच्या पोटात फक्त दोन खुणा चालतात. वीज आहे किंवा वीज नाही. त्यालाच एक आणि शून्य म्हणतात. दोन खुणांवर एवढे काम कसे होते?

सोलापूरची जॅकार्ड चादर तुम्ही पांघरली असेल. तिच्यावरची नक्षी बघा. जॅकार्डच्या मागावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. पट्ट्यांना भोके पाडलेली असतात. भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्यावर मोर उमटतो आणि फूल उमटते. माळ बदलली की नक्षी बदलली, माग तोच. जॅकार्ड हे फ्रान्स देशातल्या एका माणसाचे नाव. लिआँ गावच्या या माणसाने १८०४ साली हा माग काढला.

तो पाहून पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज नावाच्या गणित्याला वाटले, की भोकांच्या पट्ट्यांनी हिशेबही करवून घेता येईल. त्याने यंत्राचे आराखडे काढले. यंत्र पुरे झाले नाही. पण एडा लव्हलेस नावाच्या बाईने त्या यंत्रावर एक अवघड गणित कसे सोडवता येईल, त्याच्या पायऱ्या क्रमाने लिहून १८४३ साली छापल्या. त्याला पुष्कळ लोक जगातला पहिला प्रोग्रॅम म्हणतात. म्हणजे यंत्र जन्माला यायच्या आधी त्याचे हुकूम लिहून झाले होते, आणि ते एका बाईने लिहिले होते. आमच्या वर्गातल्या बायकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पुरुषांकडे ज्या नजरेने पाहिले, ती आम्ही विसरणार नाही.

यंत्र प्रत्यक्षात आले तेव्हा सुरुवातीला हुकूम नुसत्या आकड्यांत लिहावे लागत. फार किचकट काम. मग अमेरिकेत ग्रेस हॉपर या विदुषीने १९५२ साली एक युक्ती केली. माणसाने लिहिलेल्या खुणांवरून यंत्राचे हुकूम जुळवून देणारा प्रोग्रॅमच तिने तयार केला. म्हणजे आपला दुभाष्याच. पुढे अशा दुभाष्यांच्या जोरावर हुकूम लिहिण्याच्या निराळ्या भाषा निघाल्या. पायथन नावाची एक भाषा १९९१ पासून चालू आहे आणि नवशिक्यांना तीच बहुधा आधी शिकवतात. तिच्यात थोडे इंग्रजी शब्द असतात. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘तोपर्यंत’, ‘छाप’ यांना इंग्रजीत काय म्हणतात, एवढे पाठ केले तरी आपला डेअरीचा प्रोग्रॅम तिच्यात लिहून होतो. पण विचार आपल्या भाषेतच करायचा असतो. आधी मराठीत कागदावर लिहा, मग त्या भाषेत घाला.

आपल्याकडेही हे काम जुने आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेला कॉम्प्युटर १९६० साली सुरू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्रॅक ठेवले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला.

अलीकडे माणसासारखे बोलणारे प्रोग्रॅमही निघाले आहेत. त्यांना एकेक हुकूम लिहून शिकवत नाहीत. पुष्कळ उदाहरणे दाखवून शिकवतात. मात्र उदाहरणांवरून शिकायचे कसे, हे सांगणारा प्रोग्रॅमही माणसांनीच लिहिलेला असतो. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधी बोलू.

प्रोग्रॅममधल्या चुकीला इंग्रजीत ‘बग’ म्हणतात. बग म्हणजे किडा. यंत्रातल्या दोषाला हे नाव पूर्वीपासून होते. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका मोठ्या यंत्रात खरोखरीचाच पतंग अडकलेला सापडला. दिव्यावर येतो तसला. लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि खाली थट्टेने लिहिले, की किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. डोळ्यांना दिसणारा किडा पकडणे सोपे. हुकमातला किडा दिसत नाही. तसा एक आम्ही जवळून पाहिला.

एका डेअरीवर वर सांगितला तसाच नियम होता. ३.५ आणि वर फॅट लागली तर लिटरला १ रुपया जादा. फलकावर तसे लिहिलेले होते. आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत. एकच गाय. अक्षरे आणि आकडे नुकतेच शिकलेल्या. वाचायला मिळेल म्हणून त्या रोजची पावती फेकीत नसत, चुलीमागच्या तारेला अडकवून ठेवीत. एके दिवशी पावत्यांचा जुडगा घेऊन त्या वर्गात आल्या.

“गुरुजी, ३.६ लागली की रुपया चढतो. ३.५ लागली की चढत नाही. फळ्यावर तर ३.५ लिवलंय.”

आम्ही काय म्हणालो असू? आम्ही म्हणालो, “मावशी, कॉम्प्युटरचा हिशेब आहे. तो चुकत नाही.” डेअरीवरच्या कारकुनानेही त्यांना हेच सांगून परत पाठवले होते. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी सतरंजीवर तीन पावत्या शेजारी शेजारी मांडल्या. फॅट ३.४, दर ३०. फॅट ३.५, दर ३०. फॅट ३.६, दर ३१. मग आमच्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर डेअरीवर गेलो. कारकून म्हणाला, “कॉम्प्युटरच असं काढतो, आम्ही काय करणार?” मावशी म्हणाल्या, “त्याला कुणी सांगितलं असं काढ म्हणून? त्याला बोलवा.” प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा तालुक्याला राहत असे. त्याला फोन केला. मुलगा भला होता. आला, हुकमांची यादी उघडली, आणि चौथ्या ओळीवर त्याचे बोट थांबले. तिथे ‘३.५ किंवा त्याहून जास्त’ असे हवे होते. त्याने ‘३.५ पेक्षा जास्त’ असे लिहिले होते. तुम्ही मघाच्या प्रोग्रॅममध्ये एवढाच बदल करा आणि ३.५ फॅटचे दूध चालवून पाहा. ३.५ हा आकडा ३.५ पेक्षा जास्त आहे का? नाही. ओळ सुटली, रुपया गेला. ‘किंवा’ हा एक शब्द राहिला होता.

मावशींच्या जुडग्यात नेमक्या ३.५ च्या पावत्या अकरा निघाल्या. लिटर ६८, म्हणजे रुपये ६८. कारकून म्हणाला, “एवढंच ना? खिशातून देतो.” मावशींनी घेतले नाहीत. “डेअरीनं द्यायचे. आन् समद्यांचे द्यायचे.” आता प्रश्न पडला. चूक सहा महिने चाललेली. सभासद १४०. सकाळची आणि संध्याकाळची मिळून पन्नास हजारांच्या घरात पावत्या. बहुतेकांनी आपल्या पावत्या कधीच फेकून दिलेल्या. सेक्रेटरी म्हणाले, हे शोधायला वर्ष जाईल.

मुलगा हसला. सगळ्या पावत्यांची नक्कल कॉम्प्युटरमध्ये होतीच. त्याने तिथेच बसून नवा प्रोग्रॅम लिहिला आणि आम्हाला मराठीत समजावला.

१. पहिली पावती घे.
२. जर तिच्यावर फॅट नेमकी ३.५ असेल, तर तिचे लिटर त्या सभासदाच्या नावापुढे मिळव.
३. जर आणखी पावती उरली असेल, तर ती घे आणि पुन्हा दुसऱ्या ओळीवर जा.
४. पावत्या संपल्या की प्रत्येक सभासदाचे नाव आणि लिटर छाप.

दुसऱ्या ओळीवर पुन्हा पुन्हा जायचे, पावत्या संपेपर्यंत. ‘उकळी येईपर्यंत थांबा’ म्हणणाऱ्या सुनेचीच ही युक्ती. आमचा चहा संपायच्या आत कागदाची लांब पट्टी बाहेर आली. सहा महिने जो चुकीचा हुकूम मुकाट्याने पाळीत होता, त्याच कॉम्प्युटरने चुकीचा रुपया न् रुपया काढून दिला. त्याला ना तेव्हा वाईट वाटले, ना आता आनंद झाला.

यादी डेअरीच्या दारावर लावली. लोक आपले नाव शोधू लागले. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना मावशी वाचून दाखवीत होत्या. पुढच्या दहा दिवसांच्या पगारात सर्वांचे पैसे जमा झाले. दोन कुटुंबे ऊसतोडीला गेलेली होती. आपले पैसे कमी आले होते, हेच त्यांना ठाऊक नव्हते. यादीत त्यांचीही नावे निघाली. ती रक्कम नावावर जमा ठेवली आणि परत आल्यावर त्यांना दिली. मावशींनी ६८ रुपये मोजून घेतले आणि नवी पावती तारेला लावायला घरी नेली.